पिंक फ्लॉइडची एकच सीडी बनवायचीय, काय ठेवू काय काढू?

ढोलकी_ते_ड्रम:
मावसभावाच्या जुन्या गाडीत अजून सीडी प्लेयर आहे, आणि पठ्ठ्याला या ब्रिटिश रॉक बँडचं, म्हणजे फ्लॉइडचं, फक्त ते शाळेवालं गाणं ('अनदर ब्रिक इन द वॉल') माहितीये. म्हणून त्याच्यासाठी घरच्या घरी बेस्ट ऑफ बनवायला घेतलंय. सीडीत ८० मिनिटं मावतात, त्यात 'एकोज' साडेतेवीस, 'डॉग्ज' सतरा, 'शाइन ऑन'चा पहिला अर्धा साडेतेरा, म्हणजे तीन गाण्यांतच ५४ मिनिटं खलास! उरलेल्यात 'टाइम', 'मनी', 'कम्फर्टेबली नम्ब' आणि 'विश यू वेअर हिअर' कोंबलं की डब्बा फुल. मग बँडचा सुरुवातीचा गायक-गिटारवादक सिड बॅरेटला कुठे बसवू? आणि सालवार लावू की मूडप्रमाणे?

पाचवा_फ्लॉइड:
सालवार अजिबात नको. सिडच्या १९६७ च्या 'सी एमिली प्ले' वरून थेट १९७१ च्या 'मेडल' अल्बमवर आलास तर नवख्याला दोन वेगळे बँड वाटतील. २००१ ला बँडनेच 'एकोज' नावाची डबल सीडी काढली होती, २६ गाणी, त्यातही सालांचा क्रम धाब्यावर बसवून गाणी एकमेकांत मिसळलीयेत. ऐकायला मस्त आहे पण 'एकोज' गाणंच कापून साडेसोळा मिनिटांचं केलंय, ते मला अजून पचलेलं नाही. 'ॲनिमल्स' अल्बममधून फक्त 'शीप' आणि 'ॲटम हार्ट मदर'मधून तर काहीच नाही, अरे काय!

नॉब_फिरवणारा:
क्रम नंतर ठरव रे, आधी सांधे बघ. यांची गाणी सुटी नसतातच. 'ब्रेन डॅमेज'ला 'इक्लिप्स'पासून तोडलंस तर जिन्याची शेवटची पायरी नसल्यासारखं होतं. तुझ्या भावाचं शाळेवालं गाणंसुद्धा त्याच्या आधीच्या 'हॅपिएस्ट डेज'शिवाय घेऊ नको, त्यातली ती किंकाळी संपते तिथेच ते सुरू होतं. 'हॅव अ सिगार'चा शेवट रेडिओतून आल्यासारखा बारीक होतो आणि मग स्टेशन बदलत बदलत 'विश यू वेअर हिअर' येतं, तिथे कात्री कुठे लावायची हे कानानेच ठरवावं लागतं.
बर्न करताना एमपीथ्री वापरू नकोस, पुढेमागे बारीकशी शांतता चिकटते आणि नेमकी सांध्यावर उचकी लागते. वेव किंवा फ्लॅक फाइल घे, डिस्क-ॲट-वन्स (अख्खी सीडी एका दमात बर्न करायचा पर्याय) निवड आणि दोन ट्रॅकमधली दोन सेकंदांची गॅप शून्य कर. १९७३ चं आणि १९९४ चं रेकॉर्डिंग शेजारी ठेवणार असशील तर आवाजाची पातळीपण जुळवून घे, नाहीतर गाडी चालवता चालवता तो नॉबच फिरवत बसेल.

मालवणी_मून:
माझं मत, 'एकोज' काढाच. शिव्या घाला हवं तर. गाडीत इंजिनाच्या आवाजात त्याचा मधला वाऱ्याचा अन् किंचाळण्याचा भाग ऐकूच येत नाही, आणि नवीन माणूस तिथेच बटण दाबून पुढे जातो. त्याऐवजी त्याच 'मेडल' अल्बममधलं 'फिअरलेस' घ्या, सहा मिनिटांचं, वर शेवटी लिव्हरपूलचे प्रेक्षक गाताना ऐकू येतात, फुटबॉलवाला भाऊ असेल तर उडेलच. वाचलेल्या जागेत 'सी एमिली प्ले' आणि 'हाय होप्स' दोन्ही बसतात.

पाचवा_फ्लॉइड:
'एकोज' काढून फ्लॉइडची सीडी?? नमस्कार घ्या _/\_
बाकी 'मनी' घेताना १९८१ च्या 'ग्रेट डान्स साँग्ज' या संग्रहामधलं घेऊ नका हं, अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीने मूळ गाणं वापरू दिलं नाही म्हणून बँडचा गिटारवादक गिलमोरने बरंचसं स्वतःच वाजवून नवीन रेकॉर्ड केलं होतं. कलेक्शनला ठीक, भेट द्यायला मूळचंच.

ढोलकी_ते_ड्रम:
धन्यवाद मंडळी. 'एकोज' जड अंतःकरणाने बाहेर, 'डॉग्ज' मात्र कोणी कितीही बोंबललं तरी राहणार. सुरुवात 'शाइन ऑन'ने, 'हॅपिएस्ट डेज' + शाळा मध्यात, शेवट 'ब्रेन डॅमेज' + 'इक्लिप्स'. आता बेरीज केली तर सहा मिनिटं जास्त होतायत, 'हाय होप्स' की 'मनी', पटकन सांगा, रविवारी तो येतोय.

मालवणी_मून:
'मनी' काढा. ते त्याला कुठेही ऐकायला मिळेल.

नॉब_फिरवणारा:
काय बोलताय मून! सात मात्रांच्या ठेक्यातलं गाणं इतकं हिट झालेलं दुसरं दाखवा आधी.