तालुका शाखा: फक्त पक्षाचं काम (गुड मॉर्निंग टाकू नये)

अक्का: मंगळवारच्या बाजारात ऊसतोडवाल्यांसाठी टेबल टाकायचं ह्याच ग्रुपवर ठरलं होतं ना? अंगठे दाखवणारे सगळे कुठं होते? मी आणि चाचांची नात, दोघीच. ताडपत्री बांधायला पण माणूस नाही. शेवटी भजीवाल्यानं बांधून दिली. तो आपल्या पक्षाचा पण नाही.

चाचा: बेटी, मैं आनेवालाच था. ट्रॅक्टरचं टायर खोलून ठेवलेलं, गिऱ्हाईक हलू देईना. म्हणून तर नातीला पाठवलं.

अक्का: चाचा, तुम्हाला नाही बोलायले मी.

मास्तर: साथी, नमस्कार 🙏 अक्कांच्या भावना पोचल्या. रविवारी १२ ऑक्टोबरला समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहियांचा स्मृतिदिन असल्याने तयारीत काही साथी गुंतले होते. कार्यक्रम असा : प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, प्रमुख वक्ते (औरंगाबादहून येत आहेत), अध्यक्षीय समारोप, आभार. वेळेवर यावे.

बापू: संभाजीनगर म्हणा मास्तर.

आप्पा: नामांतरावर जाऊ नका आता. रात्र होईल.

खजिनदार: पावती पुस्तक नं. ३ कुणाकडं आहे?

पिंट्या: फ्लेक्सचं डिझाईन टाकलंय. संध्याकाळी प्रिंटला द्यायचंय, फायनल सांगा.

आप्पा: एसेम जोशी कुठं आहेत?

पिंट्या: खाली उजव्या कोपऱ्यात, आप्पा. टोपीवाले.

आप्पा: कामून थट्टा करायलास लेकरा. ते नानासाहेब गोरे आहेत.

वकीलसाहेब: मधु दंडवते आहेत, मधु लिमये नाहीत. एकच मधु ठेवायचं असं कुठल्या बैठकीत ठरलं?

बापू: फुले आहेत, सावित्रीबाई नाहीत. ह्याच्यावरून बाया बोलणार बघा.

पिंट्या: सगळे घेतले तर विषय लिहायला जागाच उरत नाही. आत्ताच बारा फोटो झालेत.

मास्तर: तालुकाध्यक्षांचा एक छोटा फोटो शिष्टाचार म्हणून असतो, एवढंच सुचवतो. आग्रह नाही.

अक्का: टाका, सगळ्यांचे टाका. सभेला येत्यात त्याच्यापेक्षा फ्लेक्सवर माणसं जास्ती झाली की झालं.

मास्तर: अक्का, हा टोमणा अनाठायी आहे. वैचारिक बैठक नसेल तर पक्ष आणि बचत गट ह्यात फरक काय?

अक्का: बचत गटाच्या बैठकीला कोरम भरतो मास्तर.

चाचा: 😂😂

खजिनदार: पावती पुस्तक नं. ३. पुन्हा विचारतो. हसण्यावारी नेऊ नका.

अक्का: आता जरा कामाचं वाचा. १ नोव्हेंबरला साखर कारखान्यांचं गाळप सुरू. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघणार, काही तर त्याच्या आधीच. पुढचा बाजार १४ तारखेला, त्याच्यानंतरचा मंगळवार लक्ष्मीपूजनाचा. म्हणजे माणसं गावात असताना एकच बाजार राहिला. काल बाया काय विचारत होत्या सांगू का? ऊसतोड ओळखपत्राच्या कागदावर ग्रामसेवक सही देत नाही. पोरं आजीकडं ठेवायचीत तर शाळेत हंगामी वसतिगृह कधी सुरू होणार, फराळाचं संपल्यावर का? रेशन तिकडं सांगलीला, कर्नाटकात मिळतं का? मिळतं, पण कार्डाला आधार जोडलेलं पाहिजे. अर्ध्यांचं नाही. पुरात घर गेलेल्या एकीकडं तर कार्डच राहिलं नाही. एकीनंही लोहिया कोण विचारलं नाही.

मास्तर: त्यांनी विचारलं नाही म्हणून आपण सांगायचं नाही का? फावडं, जेल आणि मतपेटी हे लोहियांचंच सूत्र आहे. तुम्ही करता ते त्यातलं फावडंच आहे.

अक्का: मग फावडं धरायला या की.

बापू: एक विचारू का? टेबलावर मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) किती घेतली, मुकादम कोण, हे कशाला लिहून घेतलं? ओळखपत्राच्या फॉर्मात तो रकाना नसतो.

अक्का: बाया सांगत होत्या ते लिहिलं. हिशेब त्यांच्याकडं नसतो, मुकादमाच्या डायरीत असतो. मागच्या हंगामाची बाकी किती फिरवली ते नवरा-बायकोला, म्हणजे त्या कोयत्याला, पट्टीच्या, म्हणजे हिशेबाच्या दिवशी कळतं.

बापू: सगळेच तसे नसतात. मुकादमानं पण कारखान्याकडून, वाहतूकदाराकडून पैसे उचललेले असतात. टोळी मधूनच पळाली की वसुली त्याच्या दारात. ट्रॅक्टर ओढून नेलेला बघितलाय मी. ते कोण लिहून घेणार?

अक्का: त्यांनी पण यावं. ते पण लिहीन.

आप्पा: बापू, तुझा भाऊ ह्या वर्षी किती कोयते घेऊन चाललाय?

बापू: आप्पा, घरचं ग्रुपवर आणायचं नाही.

(बापूंनी एक संदेश हटवला.)

चाचा: वाचला मी 🙈

अक्का: बापू, तुमच्या भावाचं नाव मी कुठं घेतलं?

बापू: घेतलं नाही, पण बाजारात ते टेबल बघितल्यावर सगळ्यांना कळतंय कुणासाठी टाकलंय. मला सोयऱ्याधायऱ्यांत बसायचं असतंय.

मास्तर: साथी, व्यक्तिगत नको. १९५५ मध्ये समाजवादी पक्ष फुटला तेव्हाही असंच शब्दानं शब्द वाढत गेला.

वकीलसाहेब: तेव्हा फुटायला निदान माणसं तरी होती मास्तर. आता थोडं गंभीर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय निवडणूक आयोगानं ३३४ नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष यादीतून काढले, सप्टेंबरमध्ये आणखी ४७४. कारण काय, तर २०१९ पासून सहा वर्षांत एकही निवडणूक लढवली नाही. आपण २०२४ च्या विधानसभेला एक उमेदवार उभा केला म्हणून राहिलो. त्याचे दहा हजार डिपॉझिट गेले, ते किती जणांनी मनाला लावून घेतलं होतं आठवतं ना? त्या दहा हजारांवर पक्षाचं नाव टिकलंय.

पिंट्या: मग आता झेडपीला उभं राहू ना. अक्काला उभं करू.

वकीलसाहेब: झेडपी, पंचायत समिती राज्य निवडणूक आयोगाकडं. तो आयोग वेगळा, तिथली नोंदणी वेगळी. लढा जरूर, पण त्यावर दिल्लीची यादी सुटली असं समजू नका.

अक्का: मला उभं करायच्या आधी माझ्याबरोबर एक दिवस बसा.

खजिनदार: दिल्लीचं निघालंच आहे तर सांगतो. रोख देणगी एका माणसाकडून २००० पर्यंतच. २०,००० च्या वरच्या देणगीदारांची यादी आयोगाला द्यावी लागते. आपल्याला तो त्रास नाही, एवढं देणारा कुणी जन्मलाच नाही. पण पावत्या जुळल्या पाहिजेत. पावती पुस्तक नं. ३ कुणाकडं आहे? आणि मागच्या सभेत जो क्यूआर कोड लावला होता तो कुणाच्या खात्याचा होता?

पिंट्या: माझ्या. पक्षाच्या खात्याचा बँकेनं दिलाच नाही ना. आलेले ४६० रुपये मी तुम्हाला त्याच रात्री पाठवलेत, स्क्रीनशॉट आहे.

वकीलसाहेब: पाठवलेत ते ठीक, पण पुन्हा असं करायचं नाही. पैसा पक्षाच्याच खात्यात यायला पाहिजे.

पिंट्या: रील मी बनवायची, फ्लेक्स मी करायचा, चोर पण मीच.

आप्पा: तुला कुणी चोर म्हणालं नाही. ऐक. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आम्ही काय करायचो? भाषण नाही. मस्टर तपासायचो. कोण हजर, कुणाच्या नावानं खोटा अंगठा उठवलाय, मजुरी किती दिली. त्याच्यातनं माणसं ओळखीची झाली. म्हणून पुढं २७ जुलै ७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, दलितांच्या वस्त्या जळाल्या, तेव्हा रात्री वस्तीत गेलो तर लोकांनी दार उघडलं. १४ जानेवारी ९४ ला नाव लागलं, तेही विस्तार करून. मधल्या वर्षांत…

बापू: आप्पा, हे १७ सप्टेंबरला पण टाकलं होतं तुम्ही.

आप्पा: टाकलं होतं. वाचलं नव्हतंस.

पिंट्या: तेव्हा खोटे अंगठे मस्टरवर होते, आता ग्रुपवर आहेत 👍

अक्का: पिंट्या, हे बरोबर बोललास. आणि पावती पुस्तक माझ्याकडं आहे. काल बायांनी दहा-दहा रुपये दिले, सभासद व्हायचंय म्हणाल्या. एकोणतीस पावत्या फाडल्यात.

खजिनदार: अगं मग सकाळपासून बोलायचं ना!! मी दुकान सोडून कपाट उपसायलोय.

अक्का: मी बघत होते कुणी विचारतंय का, काल टेबलावर काय झालं म्हणून. पुस्तकाचं तेवढं विचारलं सगळ्यांनी.

खजिनदार: सगळ्यांनी नाही, मी एकट्यानं.

मास्तर: एकोणतीस नवीन सभासद ही आनंदाची बाब आहे. रविवारी त्यांचा सत्कार ठेवू या. पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक.

अक्का: रविवारी त्या सोयाबीनचं राहिलंय तेवढं गोळा करायला जाणार. मास्तर, वक्ते रविवारी रात्री मुक्कामाला आहेत ना? मग अंधार पडल्यावर त्यांना वस्तीवर आणा. तिथं बोलू द्या. हॉलचं भाडं पण वाचेल.

मास्तर: पत्रिका छापून झाल्या आहेत. वक्त्यांना विचारावे लागेल. वस्तीवर माइकची परवानगी?

वकीलसाहेब: तीस माणसांना माइक कशाला? मास्तर, वर्गात साठ पोरं शांत बसवायचात तुम्ही.

मास्तर: विचारतो. हॉलचा कार्यक्रम मात्र होईल. सकाळी होईल. तो रद्द होणार नाही.

अक्का: करा की. मी सकाळी पण येते, स्वागतगीत मीच म्हणणार आहे ना.

चाचा: १४ को मैं दुकान बंद रखता. नातीची परीक्षा आहे, तिला धरू नका.

वकीलसाहेब: मी अकरानंतर. कोर्टात तारीख आहे. वसतिगृहाचं निवेदन गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं लिहून आणतो, पोच घेतल्याशिवाय द्यायचं नाही.

बापू: टेबल आणि चार खुर्च्या मी पाठवतो. भजीवाल्याच्या भरवशावर नको. मी स्वतः येणार नाही.

अक्का: चालतंय बापू.

खजिनदार: भाडं लावणार का?

बापू: मी देणगी देतो म्हणायलोय आणि तुम्ही भाडं विचारायलेत?

खजिनदार: मग देणगीची पावती फाडतो. वस्तू रूपानं. किती रुपयांची धरू?