लॅनला १० नंबर दिला तरी नेट मोबाईलचंच जातंय

यार्डातली_अकाउंटंट:
सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. कॉम्प्युटरचं शिक्षण टॅलीपुरतं, बाकी सगळं गरजेपोटी, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

मांडणी अशी आहे. माझ्या विंडोज १० च्या मशीनवर टॅलीचा डेटा. केबिनमधलं मालकांचं मशीन तोच डेटा लॅनवरून (दुकानातल्या आतल्या नेटवर्कवरून) उघडतं, म्हणून माझ्या मशीनला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कायमचा बसवलाय, १९२.१६८.१.५०. दोन्ही मशीन आणि फायबरचा राउटर एकाच जुन्या नेटवर्क स्विचला.

फायबर अधूनमधून जातं. रस्ता उकरला की गेलंच, आणि आमच्याकडं रस्ता उकरायला निमित्त लागत नाही. इकडं पोती भरून ट्रक उभा, ड्रायव्हर दारात, ई-वे बिल निघाल्याशिवाय गाडी हलायची नाही. अशा वेळी दुकानाचा फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग (फोनचं नेट मशीनला देणं) चालू करते आणि काम भागतं. पण फायबर परत आलं तरी नेट फोनवरूनच चालत राहतं. रोजचा दीड जीबी जेवायच्या सुट्टीआधीच संपतो. मग त्याच फोनवरून बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना मालाचे फोटो जाईनात की मालकांचा आवाज थेट गेटपर्यंत.

वाचून वाचून एवढं कळलं की इथरनेटच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिक मेट्रिक'ची टिक काढून आकडा टाकायचा; मेट्रिक म्हणजे कुठलं कनेक्शन आधी वापरायचं त्याचा आकडा, लहान आकडा तो आधी. १० टाकला, मशीन बंद-चालू केलं. ढिम्म फरक नाही. आकडा उलटा असतो का?

कृष्णाकाठ:
काम झालं की टेदरिंग बंद करायचं ताई. सेटिंगच्या नादी कशाला लागायचं?

यार्डातली_अकाउंटंट:
दादा, हा उपाय मालक रोज सांगतात. सौदे चालू असताना एका हातानं शेतकऱ्याच्या पट्ट्या काढायच्या, दुसऱ्यानं फोन घ्यायचे, त्यात टेदरिंगकडं कोण बघणार?

मिरजेचा_वायरवाला:
आकडा उलटा नाही, लहान तोच आधी. पण तुम्ही अर्धाच आकडा बदललाय असं वाटतंय. फोन जोडून टेदरिंग चालू ठेवा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'राउट प्रिंट' टाइप करा, अर्थात इंग्रजीत, मध्ये एक जागा सोडून. ०.०.०.० नं सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसतील. त्यांचा गेटवे (ज्या पत्त्यातून नेट बाहेर जातं तो) आणि शेवटच्या रकान्यातला आकडा इथं लिहा.

यार्डातली_अकाउंटंट:
१९२.१६८.१.१ समोर २६६.
१९२.१६८.४२.१२९ समोर २५.
हे २६६ कुठून आले? मी तर १० टाकलेत!

मिरजेचा_वायरवाला:
तिथंच मेख आहे. विंडोज बेरीज बघतं: कार्डाचा (मशीनच्या त्या नेटवर्क जोडणीचा) आकडा अधिक वाटेचा (गेटवेकडं जाणाऱ्या रस्त्याचा) आकडा. पत्ता आपोआप मिळालेला असेल तर वाटेचे शून्य धरले जातात. आयपी आणि गेटवे हातानं बसवला की त्या वाटेला विंडोज गुपचूप २५६ लावतं. तुमचे १० अधिक २५६. फोनच्या बाजूनं मशीनला पत्ता फोनच देतो, म्हणून तिथं नुसता कार्डाचा २५.

आता तो २५ का, तर कार्डाचा आकडा वेगावरून ठरतो. यूएसबी टेदरिंग विंडोजला वायरचं कार्डच वाटतं आणि त्याचा वेग चारशे एमबीपीएसच्या पुढं दाखवतात. २०० एमबीपीएस ते २ जीबीपीएस या टप्प्याला २५ मिळतात. तुमचा स्विच जुना आहे म्हणताय, म्हणजे १०० एमबीपीएसचा असणार. त्याला आपोआप ३५ मिळतात. म्हणजे आयपी कायमचा नसता आणि १० टाकले नसते, तरी फोनच जिंकला असता.

उपाय: त्याच ॲडव्हान्स्ड खिडकीत आयपीच्या चौकोनाखाली 'डीफॉल्ट गेटवेज'चा चौकोन आहे. त्यातल्या १९२.१६८.१.१ वर क्लिक करून 'एडिट' दाबा. तिथंही एक ऑटोमॅटिक मेट्रिकची टिक आहे, तिच्याकडं कुणी बघतच नाही. ती काढा, १ टाका. राउट प्रिंटला आता ११ दिसले पाहिजेत.

यार्डातली_अकाउंटंट:
११ आले! पण फोनचा डेटा अजून थोडाथोडा सरकतोय. जीमेल आणि यूट्यूब उघडलं की जास्त. (यूट्यूब मी नाही, मालकांचा नातू.)

विट्याचा_ॲडमिन:
मध्येच बोलतो. तुमचे ११ आहेत आयपीव्ही४ चे (पत्त्यांची जुनी पद्धत), आयपीव्ही६ चा (नवी पद्धत) हिशेब वेगळा. फोनवर बहुतेक आयपीव्ही६ असतं, तुमच्या फायबरच्या राउटरवर ते बंद असावं. ज्या साइटला दोन्ही पत्ते आहेत, उदाहरणार्थ गूगलच्या, तिथं विंडोज आधी सहाची वाट धरतं, आणि तुमच्याकडं सहाची वाट फक्त फोनमधून जाते. चारच्या मेट्रिकचा तिथं काही संबंध येत नाही.

फोनच्या कार्डावर (रिमोट एनडीआयएस असं काहीतरी नाव असेल) राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि 'व्हर्जन ६' ची टिक काढा. फक्त फोनच्या कार्डाची, लॅनची नको. शिवाय सेटिंग्जमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड' करा, म्हणजे फोनवर असताना अपडेट शक्यतो उतरणार नाहीत. आणि फोन नेहमी एकाच यूएसबी पोर्टला लावा. पोर्ट बदलला की विंडोज कधी कधी ते नवीन कार्ड समजतं आणि सगळी सेटिंग पुन्हा करायची वेळ येते.

मिरजेचा_वायरवाला:
बरोबर, सहाचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ताई, आता दुसरी बाजू. रस्ता उकरला आणि फायबर गेलं की काय होईल? राउटर चालूच, स्विच चालूच, फक्त बाहेरची लाईन मेलेली. मेट्रिक पसंती सांगतं, पुढची लाईन जिवंत आहे का ते बघत नाही. म्हणून मशीन त्याच मेलेल्या वाटेनं जात राहील आणि फोन जोडूनही ई-वे बिल निघणार नाही. लॅनची वायर उपटायची तर मालकांची टॅली बंद पडते.

दोन बॅच फाइली (डबल क्लिकनं आपोआप कमांड चालवणाऱ्या) करा, प्रत्येकीत 'नेटश' या नेटवर्क सेटिंगच्या कमांडची एकच ओळ: एकीत इथरनेटचं मेट्रिक ५००, दुसरीत १०. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायच्या. ५०० केलं की बेरीज ५०१, फोन पुढं येतो. टॅलीला काही होत नाही, कारण १९२.१६८.१ चं नेटवर्क फक्त लॅनच्याच कार्डावर आहे, तिथं फोन स्पर्धेतच नाही. पैसे घालायची तयारी असेल तर दोन वॅन पोर्टचा (बाहेरच्या दोन लाईन घेणारा) राउटर हे काम स्वतः करतो, बाहेरची लाईन तपासून. पण मालकांना विचारून बघा आधी.

यार्डातली_अकाउंटंट:
राउटरचं विचारलं. "दोन फाइली फुकट आहेत ना?" एवढंच उत्तर मिळालं. दोन्ही डेस्कटॉपवर ठेवल्यात, एकीचं नाव 'फायबर', दुसरीचं 'गाडी उभी आहे'. वाट न बघता मुद्दाम फायबरची वायर राउटरमधून काढून बघितलं, फोनवरून पोर्टल उघडलं आणि टॅली चालू राहिली. सहाची टिक काढल्यापासून फोनचा डेटाही जागेवर आहे.

मालकांच्या मशीनला आयपी आपोआप मिळतो. तिथं यातलं काही करावं लागेल का?

मिरजेचा_वायरवाला:
त्या मशीनला फोन जोडत नाही ना? मग हात लावू नका.