शेजारी गावाला गेलेत, कुत्रं आत राहिलंय की काय? काय करावं?

जुळे_सोलापूर_ताई (रविवार, रात्री १०:४०)

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. रो-हाऊसची रांग आहे, शेजारच्यांची नि आमची भिंत एकच. नवरा-बायको, दोन मुलं आणि एक काळा लॅब्राडोर. दीड वर्ष झालं येऊन, पण आमचं बोलणं "पाणी सुटलं का?" याच्या पुढं गेलेलं नाही. गुरुवारी पहाटे ते गाडीत बॅगा ठेवताना दिसले. कुत्रा गाडीत बसताना मी पाहिला नाही. पण मी शेवटपर्यंत उभीही नव्हते, दूध उतू चाललं होतं.

गुरुवारी आणि शुक्रवारी रात्री भुंकणं ऐकू आलं, भिंतीतून येतं तसं दबकं. काल कण्हल्यासारखं काहीतरी. आज दिवसभर काहीच नाही.

आणि मला खटकलं ते वेगळंच. आज पाण्याचा दिवस होता. आमच्याकडे पाचव्या दिवशी पाणी येतं, म्हणजे त्या दिवशी लग्नघरातला माणूससुद्धा अक्षता टाकून मोटर लावायला पळतो. यांच्या हौदाचं झाकण कुणी उघडलं नाही. मागच्या मोरीतला नळ तेवढा उघडा राहिला असावा, तासभर पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. त्या घरात येणारं कुणी असतं तर आज आलं नसतं का?

त्यांचा नंबर माझ्याकडे नाही. मिस्टर म्हणतात नसत्या भानगडीत पडू नको. बाहेर ४३ अंश आहे. आणि हे प्राणिप्रेम वगैरे समजू नका. लहानपणी मला कुत्रं चावलंय, पोटात चौदा इंजेक्शनं घेतलीत, मी कुत्र्याला बघून फुटपाथ बदलते. पण झोप लागेना म्हणून विचारतेय.

तात्या_होटगीरोड

ताई, तुमचे मिस्टर बरोबर बोलतायत. कुत्र्याला कोंडून चार दिवस गावाला जाणारी माणसं लाखात एखादी. बाकीचे कुणाला तरी सांगून जातात, आणि कुणाला सांगितलं ते शेजारी कळवायची पद्धत आपल्याकडे नाही. तुम्ही पाहिलं नाही म्हणजे ते घडलंच नाही असं थोडंच आहे?

दुसरं महत्त्वाचं. मे महिना हा बंद घरं फोडणाऱ्यांचा हंगाम. कृपा करून कॉलनीच्या ग्रुपवर "अमुक नंबरचं घर चार दिवस बंद आहे" असलं काही टाकू नका.

जुळे_सोलापूर_ताई

टाकून झालं हो, संध्याकाळीच. चौदा जणांनी हात जोडले, एकाने सुविचार टाकला.

बाळ्याचा_बे

ताई कशाला एवढं टेन्शन घेऊलालाव? भिंतीवरनं बघा की सरळ. कुत्रं दिसलं तर दिसलं, नाय तर झोपा निवांत. इथं विचारून काय कुत्रं बोलणार हाय का बे.

मोत्याची_आई

मी कुत्रं पाळणारी आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते. रागावू नका.

दोन वर्षांपूर्वी सासरे वारले, आम्ही तासाभरात गाव गाठलं. मोत्याला घरी ठेवलं. माझा मामेभाऊ दुकान बंद करून रात्री अकराला यायचा, खायला घालायचा, फिरवून आणायचा, पहाटे परत. कॉलनीतल्या कुणालाही तो दिसला नाही, कारण अकराला कॉलनी झोपते. तिसऱ्या दिवशी आमच्या बंद दाराचा फोटो ग्रुपवर, खाली "अशा लोकांना प्राणी पाळायचा हक्क नाही". दहावं व्हायचं होतं, आणि मी लोकांना खुलासे देत बसले होते. एकीनेही फोन केला नाही. नंबर सगळ्यांकडे होता.

कुत्रं एकटं राहिलं की पहिले दोन दिवस भुंकतंच, मग सवयीनं गप्प होतं. उन्हाळ्यात तर दुपारभर फरशीला पोट लावून पडलेलं असतं. शांतता म्हणजे मरण नव्हे. चुगली करायच्या आधी विचारपूस करा, एवढंच म्हणणं आहे.

जनावरांचा_कंपाउंडर

मोत्याच्या आईंचं अर्धं पटलं, अर्धं नाही. मी बारा वर्षं जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे. भुंकून भुंकून गप्प झालेलं कुत्रं सवयीनं गप्प झालंय की ताकद गेली म्हणून, हे भिंतीपलीकडून कुणालाच सांगता येत नाही. आणि कण्हल्याचा आवाज ऐकला असेल तर मी तो सोडणार नाही.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार पंजांना येतो. बाकी सगळी भिस्त धापेवर, आणि धाप टाकली की अंगातलं पाणी जातं. एरवी किलोमागं पन्नास-साठ मिली पाणी रोज लागतं. म्हणजे पंचवीस-तीस किलोच्या लॅबला दीड लिटर, आणि आपल्या मे महिन्यात ते पुरत नाही. स्टीलचं भांडं ठेवून गेले असतील तर ते पहिल्याच दिवशी पालथं झालेलं असतं, लॅब म्हणजे दांडगं पोर. आमच्याकडे मी सगळ्यांना दगडी उखळ किंवा सिमेंटची कुंडी ठेवायला सांगतो. कुत्र्याचं ताप नसतानाचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं. ४१च्या वर गेलं की जीव धोक्यात. खिडक्या बंद, वर तापलेला स्लॅब, तिथं हे व्हायला चार दिवस लागत नाहीत, एक दुपार पुरते.

(त्यात लोक आता सोलापुरात हस्की पाळतात. बर्फावर गाडी ओढायचं जनावर, आणि हे त्याला विजापूर रोडला दुपारी दोनला फिरवतात. तो विषय निघाला की माझं डोकं फिरतं, राहू द्या.)

आत्ता लगेच करायचं काम: त्यांच्या फाटकाच्या कडीला आणि कोयंड्याला मिळून शिवणाचा साधा दोरा बांधा. कुणी येऊन गेलं तर तुटेल. उद्या सकाळी बघा. आणि सकाळी दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, धुणंभांडी करणाऱ्या मावशी यांना विचारा. ग्रुपला माहीत नसतं ते या चौघांना माहीत असतं.

तात्या_होटगीरोड

दोऱ्याची युक्ती चोरांचीही आहे, सांगून ठेवतो. घर बंद आहे का बघायला तेही हेच करतात. उद्या कुणी तुम्हाला रात्री अकराला शेजाऱ्याच्या फाटकाशी खुडबुड करताना पाहिलं तर?

साखरपेठ_१

आमच्या बोळात ८० वर्षांची म्हातारी एकटी राहते, दोन्ही पोरं पुण्याला. तिच्या दाराला कुणी दोरा बांधत नाही. लोकांना माणसांपेक्षा कुत्री प्यारी झालीत.

जनावरांचा_कंपाउंडर

मग तुम्ही उद्या सकाळी तिच्या दारात जा. इथं कशाला सांगताय?

वकीलबाई

कायद्याचं बोलते, कारण पुढं "पोलिसांत द्या" येणारच आहे.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. त्याच्या कलम ११ मध्ये मालकानं पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे, आणि उपाशी-तहानेलं राहील अशा स्थितीत जनावर टाकून जाणं हाही. ऐकायला छान. शिक्षा काय? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. १९६० चे आकडे, आजही तेच. त्यातही हे गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस एनसी लिहून घेतील, न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करता येत नाही.

उलट तुम्ही भिंत ओलांडून आत गेलात आणि मालक चिडला, तर गृह-अतिक्रमणाची तक्रार होऊ शकते, भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९. बचावाला कलम १९ पुढं करता येईल: वाईट हेतू नसताना, मोठं नुकसान टाळायला सद्भावनेनं केलेलं कृत्य. कायद्याच्या नजरेत कुत्रं ही मालमत्ता आहे आणि ती वाचवायला गेलात, असा युक्तिवाद. पण तो कोर्टात करायचा असतो, म्हणजे आधी कोर्टात जावं लागतं. म्हणून कुलूप तोडू नका. अगदीच वेळ आली तर ११२ ला फोन करा, पोलिसांसमोर आणि कॉलनीतले दोघं साक्षीला घेऊन काय ते करा.

बाळ्याचा_बे

पन्नास रुपये?? कुत्र्याच्या बिस्किटाचा पुडा त्याहून महाग हाय की.

मनीवाला

२०२०च्या मार्चमध्ये दोन दिवसांच्या कामाला पुण्याला गेलो होतो. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून सगळं बंद. मनी इथं, मुरारजी पेठेत, दोन दिवसांचं खाणं ठेवलेलं. मांजर बऱ्यापैकी स्वतःचं बघतं, पण तेही काही दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावर चरबी चढते आणि वाचवणं अवघड होतं, हे मला तेव्हा डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांच्याशी माझं पार्किंगवरून कडाक्याचं भांडण होतं, त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी कापली आणि दीड महिना दूधभात दिला. मला विचारलं नाही. कापली, मग सांगितलं. जाळीचे पैसे आजही घेत नाहीत.

तात्या, त्या काकूंवर मी अतिक्रमणाचा गुन्हा घालायला हवा होता का?

तात्या_होटगीरोड

तुमचं मांजर आत आहे हे काकूंना माहीत होतं. इथं कुत्रं आत आहे हेच माहीत नाही. फरक आहे की नाही? मी निर्दयी नाही हो, माझ्याकडे चौदा वर्षं राजा होता. पण अंदाजावर माणसांना गुन्हेगार ठरवायची जी सवय लागलीय, ती मला खुपते. मोत्याच्या आईंचं काय झालं ते वाचलंत ना?

मोत्याची_आई

तात्या, माझं नाव तुमच्या बाजूला लावू नका. मी फोन करा म्हणाले होते, झोपून राहा म्हणाले नव्हते.

जुळे_सोलापूर_ताई (सोमवार, सकाळी ६:१५)

दोरा रात्रीच बांधला. (मिस्टर टॉर्च धरून उभे होते, तोंड वाकडं करून.) सकाळी जसाच्या तसा. भिंतीवरनं हाक मारली, भुंकणं नाही. पण मोरीच्या दाराशी नखं घासल्यासारखा आवाज आला. एकदाच. दारावर इस्त्रीवाला येतो सातला, त्याची वाट बघतेय.

जनावरांचा_कंपाउंडर

आवाज आला म्हणजे जिवंत आहे. दार उघडलं की घाईनं बर्फाचं पाणी ओतू नका. साधं पाणी पोटाला, पंजांना लावा, पंखा लावा, प्यायला थोडं थोडं द्या. आणि हात जोडून सांगतो, भूक लागली असेल म्हणून भाकरी-शेंगाचटणी टाकू नका. लसूण, कांदा कुत्र्याला बाधतो.

जुळे_सोलापूर_ताई (सोमवार, दुपारी १२:३०)

सांगते सगळं. इस्त्रीवाल्याकडे नंबर होता. दीड वर्ष मी ज्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते त्यांचा नंबर त्याच्याकडे, माझ्याकडे नाही. फोन लावला. ते लग्नाला हैदराबादकडे गेलेत. आधी आवाज चढला, "आमचा मेव्हणा रोज पहाटे पाचला येतो, तुम्ही ग्रुपवर काय टाकलंय ते मला आलंय." म्हटलं, दोरा तुटलेला नाही, त्यांना एकदा विचारा. पाच मिनिटांनी परत फोन आला, आवाज बदललेला. मेव्हणे चिंचोली एमआयडीसीत कामाला आहेत. शनिवारी पहाटे येऊन गेले, मग एकामागून एक दोन पाळ्या कराव्या लागल्या, उद्या जाऊ उद्या जाऊ करत राहून गेलं, आणि सांगायचंही राहिलं. अर्ध्या तासात चावी घेऊन आले, डोळे लाल, वर बघत नव्हते.

बादली पालथी होती. शेरू मोरीत होता, नळाखाली. पाणी कधी सुटतं ते कळावं म्हणून सगळे ठेवतात तसा त्यांनी मोरीचा नळ उघडा ठेवला होता आणि जाताना बंद करायचा राहिला. काल तासभर जे वाहिलं ते त्याला मिळालं. मी आत बसून "केवढं पाणी वाया चाललंय" म्हणून त्यांना नावं ठेवत होते.

दवाखान्यात सलाइन लावलं. आता उभा राहतोय.

तात्या_होटगीरोड

बरं झालं वाचला. पण मी म्हणालो तेच खरं निघालं ना, व्यवस्था करून गेले होते.

मनीवाला

आणि व्यवस्था दोन दिवस आली नव्हती, तेही खरं निघालं. शनिवारपासून.

वकीलबाई

ग्रुपवरचा मेसेज तेवढा काढून टाका आता.

मोत्याची_आई

काढूच नका, खाली लिहा की कुत्रं सुखरूप आहे आणि मालकांनी माणूस नेमला होता. आमच्या वेळचा फोटो काढून टाकला होता, पण ज्यांनी पाहिला होता त्यांना पुढचं कधी कळलंच नाही.

जुळे_सोलापूर_ताई (सोमवार, रात्री ९:०५)

लिहिलं. मेव्हण्यांबद्दल काही लिहिलं नाही.

ते लोक गुरुवारी येतील. तोवर पाणी द्यायचं काम माझ्याकडे आलंय, चावी आमच्या खुंटीला आहे. मी "हो" म्हणून बसले, आता घाम फुटलाय. कंपाउंडरदादा, मोरीच्या जाळीतून नळीनं कुंडी भरली तर चालेल का, की दार उघडावंच लागेल? आणि तो अंगावर आला तर कुठं बघायचं, डोळ्यांत की खाली?

जनावरांचा_कंपाउंडर

पाणी नळीनं चालेल. पण खायला द्यायला दार उघडावं लागेल. डोळ्यांत बघू नका, थोडं आडवं उभं राहा, हात खाली. लॅब आहे ताई, अंगावर येईल तो चाटायलाच. पहिल्या दिवशी मिस्टरांना पुढं करा.

जुळे_सोलापूर_ताई

ते माझ्याहून भितात.