अनुभव धागा : पाण्याखालचा बेस कसा बांधला, कसा टिकवला?

सर्व्हायव्हल गेममध्ये समुद्राच्या तळाशी बेस बांधून तिथेच मुक्काम ठोकणाऱ्यांसाठी हा धागा. माइनक्राफ्ट, सबनॉटिका, आर्क, कुठलाही गेम चालेल. सुरुवातीला गेमचं नाव आणि एकट्याने खेळता की सर्व्हरवर, एवढं लिहा. पुढे मोकळेपणाने.

माझं मत आधी मांडते. जमिनीवर भिंत जाड केली की निम्मं काम होतं. पाण्याखाली भिंतीचा नंबर शेवटचा. आधी हवा, मग वीज, मग आत-बाहेर करायची वाट. यातलं एक तुटलं की भिंत कितीही भक्कम असो, बेस गेला. तुमचा अनुभव याच्या उलट असेल तर जरूर लिहा, मला तेच वाचायचंय.

सबनॉटिका, एकटा, हार्डकोर

तुमच्या यादीत भिंत शेवटी आहे, पण सबनॉटिकात भिंतीचा हिशोबच पहिला करावा लागतो. बेसची ताकद १० पासून सुरू होते आणि तुम्ही जोडाल तो प्रत्येक भाग त्यातून काहीतरी खातो. साधा बोगदा १, काचेचा बोगदा २, मोठी गोल खोली सव्वा, काचेचा घुमट असलेला निरीक्षण कक्ष ३, आणि मूनपूल (तळातून पाण्यात उघडणारी वाहन ठेवायची खोली) तब्बल ५. हे उथळ पाण्यातले आकडे. १०० मीटरच्या खाली गेलात की पाण्याचा दाब वाढेल तसा हाच तोटा वाढत जातो. वर दिमाखात उभा असलेला आराखडा खाली जसाच्या तसा बांधला तर पहिल्याच तासात भेगा पडतात.

उपाय सोपा आहे, पण तो आधीपासून जवळ असावा लागतो. भिंतीला एक रीइन्फोर्समेंट (मजबुतीची पट्टी) लावली की ७ मिळतात. तिला लागतं ३ टायटॅनियम आणि १ लिथियम. टायटॅनियम सगळीकडे पडलेलं असतं, लिथियमसाठी खोल जावं लागतं. म्हणून खोल बेसची तयारी मी लिथियमच्या पेटीपासून करतो. फाउंडेशनचे (पायाचे) २ आणि बल्कहेड दाराचे (पाणी अडवणाऱ्या आतल्या दाराचे) ३ हेही मोलाचे. बल्कहेडचा दुसरा उपयोग म्हणजे एका खोलीत पाणी शिरलं तर दार लावून ते तिथेच अडवता येतं.

पाणी शिरलंच तर क्रम असा: आधी ताकद शून्याच्या वर आणायची, मग रिपेअर टूलने भेगा सांधायच्या. उलट केलंत तर एक भेग सांधेपर्यंत दुसरी पडते. भेगा बुजल्या की पाणी आपोआप ओसरतं.

विजेबद्दल मात्र पूर्ण सहमत. वीज गेली की बेसमध्ये ऑक्सिजन तयार होणं थांबतं. सोलर पॅनेल खोल पाण्यात दुबळे पडतात, तिथे गरम झऱ्यांजवळचा थर्मल प्लांटच खरा, आणि झरा लांब असेल तर पॉवर ट्रान्समीटरची रांग. हार्डकोरमध्ये ऑक्सिजन संपत आल्याची सूचनाही मिळत नाही आणि एकदा मेलात की सेव्ह गेला, त्यामुळे आत शिरताना माझी नजर पहिली जाते ती विजेच्या आकड्यावर.

लेव्हायथनची (महाकाय समुद्री प्राण्यांची) भीती घालणारे खूप भेटतात. त्यातला रीपर तुमच्या बेसला हात लावत नाही. तो तुम्हाला आणि तुमच्या सीमॉथला (छोट्या पाणबुडीला) धरतो. म्हणजे संरक्षण करायचं ते दारापासून वाहनापर्यंतच्या मोकळ्या पाण्याचं. मूनपूलचे ५ गुण मी आनंदाने मोजतो ते याचसाठी: सीमॉथमधून उतरायचं ते थेट बेसच्या आत.

माइनक्राफ्ट, एकटी

मला लढाईत फारसा रस नाही, मला बांधायला आवडतं. त्यामुळे मी पाणी काढण्याबद्दल लिहिते.

तळाशी काचेची खोली बांधली तरी ती आतून पाण्याने भरलेलीच असते, ही पहिली अडचण. स्पंज हाताशी नसताना मी वाळू वापरते. छत बंद करायच्या आधी वरून वाळू सोडत जायची. वाळू तळापर्यंत पडते आणि पाण्याची जागा घेते. सगळी खोली वाळूने भरली की छत घालायचं आणि मग आतून वाळू उपसायची. उंच थरांसाठी सगळ्यात खालचा ठोकळा काढून त्याच्या जागी झटकन टॉर्च ठेवायची, वरची सगळी वाळू तिच्यावर पडून फुटत जाते. वेळखाऊ आहे, पण वाळूचा शेवटचा थर निघून समोर कोरडी फरशी दिसते तेव्हाचा आनंद मला तयार घर मिळून कधी झाला नसता.

स्पंज मिळाले की काम वेगळ्याच वेगाने होतं. ओला स्पंज भट्टीत वाळवताना, भट्टी पेटल्यावर इंधनाच्या खणात रिकामी बादली ठेवली तर ती पाण्याने भरून मिळते. नेदरमध्ये (गेममधल्या आगीच्या जगात) नेऊन ठेवला तर ओला स्पंज तिथल्या तिथे कोरडा होतो.

काम चालू असताना श्वासासाठी दारं. २०१८ च्या १.१३ अपडेटनंतर जिने, कुंपणं, स्लॅब यांच्यात पाणी शिरायला लागलं, दारात मात्र अजूनही शिरत नाही. तळावर दार उभं केलं की त्या चौकटीत हवा. कामाच्या जागेभोवती मी अशी दारं पेरून ठेवते.

माइनक्राफ्ट, मुलीबरोबर

आमच्या बेसची संरक्षणमंत्री दहा वर्षांची आहे. तिचा नियम: "बाबा, बाहेर अंधार ठेवायचा नाही." ड्राउन्ड (पाण्यातले झॉम्बी) अंधाऱ्या पाण्यात स्पॉन होतात, म्हणजे आपोआप उगवतात, आणि काहींच्या हातात त्रिशूळ असतो, त्यामुळे ती म्हणते ते बरोबरच आहे. आम्ही बेसभोवती सी लँटर्न आणि सी पिकल (दोन्ही प्रकाश देणारे) लावले. चार पिकल एकत्र लावले तर पाण्याखाली त्यांचा प्रकाश पूर्ण १५ भरतो. आतली फरशी काचेची केली, काचेवर मॉब (गेममधले प्राणी-राक्षस) स्पॉन होत नाहीत. वर जायला सोल सँडचा बुडबुड्यांचा स्तंभ, खाली यायला मॅग्मा ब्लॉकचा. स्तंभात श्वासही घेता येतो. हे सगळं तिनेच शोधून काढलं, माझं काम ठोकळे वाहून आणायचं.

आर्क, पीव्हीपी (खेळाडूविरुद्ध खेळाडू) सर्व्हर, टोळीबरोबर

वरचे तिन्ही अनुभव वाचले. आमच्याकडे समोर माणसं असतात, तेव्हा गणित बदलतं.

आर्कमध्ये पाण्याखाली कोरडी जागा हवी तर टेकचे (गेममधल्या प्रगत तंत्रज्ञानाचे) व्हॅक्यूम कंपार्टमेंट, म्हणजे पाणी बाहेर ठेवणाऱ्या खोल्या, लागतात. त्यांना टेक जनरेटरची वीज, जनरेटरला एलिमेंट हे इंधन. आत-बाहेर करायला मूनपूलचा तुकडा. आमच्यावर मोठा हल्ला झाला तेव्हा समोरची टोळी भिंती फोडत बसली नाही. त्यांनी एका कोपऱ्यातून वाट काढली, सरळ जनरेटर गाठला आणि उडवला. वीज गेली, कंपार्टमेंटमध्ये पाणी भरलं. आत स्कूबा न घातलेले आमचे लोक लढायचं सोडून श्वासाच्या मागे लागले. धागाकर्तीचं "भिंत शेवटी" हे त्या क्षणी शब्दशः खरं होतं.

त्यानंतरचा बेस आम्ही जनरेटरपासून आखला. तो मधोमध, त्याच्याभोवती थरावर थर, आणि दुसरा जनरेटर पूर्ण वेगळ्या बाजूला, तोही चालू अवस्थेत. प्रत्येक पलंगाशेजारी स्कूबाचा संच आणि लाझरस चाउडर. ते प्यायलं की ऑक्सिजन सावकाश संपतो, आणि हल्ल्यात तेवढी सवड पुरते.

जागा निवडताना आम्ही नायडेरियाचे थवे शोधले. बहुतेक लोक जेलीफिशपासून लांब पळतात. तिचा झटका बसला की स्वार प्राण्यावरून खाली पडतो, आणि नेमकं तेच आम्हाला हवं होतं. आम्ही स्वतः ये-जा करतो बॅसिलोसॉरसवर, त्याला झटका लागत नाही. एकच पथ्य: फार खोल पाण्यात त्याची तब्येत खालावत जाते, पृष्ठभागाजवळ ती भरून येते. म्हणून आमचा बेस मध्यम खोलीवर आहे. अगदी तळाशी बांधायचा मोह सगळ्यांना होतो, मला तो चुकीचा वाटतो.

आणि लपणं. जाताना-येताना कुणी पाहिलं की बेसचा पत्ता गेला. आम्ही कधीही सरळ रेषेत घरी येत नाही.

माइनक्राफ्ट, मित्रांचा सर्व्हर

आर्कवाल्यांनी लिहिलेलं वाचून आमचा समुद्र किती दयाळू आहे ते कळलं. माइनक्राफ्टमध्ये पाण्यात टीएनटी फुटला तर ठोकळे तुटत नाहीत. क्रीपरचंही (स्वतःच फुटणाऱ्या राक्षसाचंही) तेच. त्यामुळे आम्ही भिंतींच्या बाहेर पाणी आहे तसं ठेवतोच, शिवाय दोन भिंतींच्या मध्येही पाण्याचा एक थर सोडतो. टीएनटीबरोबर वाळू फेकणाऱ्या तोफा हा बचाव भेदू शकतात, म्हणून महत्त्वाच्या पेट्यांभोवती ऑब्सिडियन हा स्फोटाला न फुटणारा दगड.

पण आमच्या बेसचा जीव म्हणजे कॉन्ड्युट, पाण्याखाली श्वास देणारा ठोकळा. त्याच्याबद्दल अजून कुणीच कसं लिहिलं नाही?

धागाकर्ती

लिहा ना! मी तो फक्त दुसऱ्यांच्या बेसमध्ये पाहिलाय. त्याच्याभोवतीची पूर्ण चौकट करण्याइतकं प्रिझमरीन (समुद्री दगड) जमवणं परवडतं का?

माइनक्राफ्ट, मित्रांचा सर्व्हर

परवडतं, आणि पूर्णच करा. कॉन्ड्युटला लागतं १ हार्ट ऑफ द सी आणि ८ नॉटिलस शेल. हार्ट फक्त पुरलेल्या खजिन्यात मिळतं. शेल मासेमारीत मिळतात, काही ड्राउन्डच्या हातातही असतात. कॉन्ड्युटभोवती ३×३×३ पाणी हवं आणि त्याच्या बाहेर प्रिझमरीनची किंवा सी लँटर्नची चौकट. १६ ठोकळ्यांवर तो सुरू होतो आणि ३२ ठोकळ्यांपर्यंत श्वास, पाण्याखालची नजर आणि खोदायचा वेग देतो. ४२ ची चौकट केली की पल्ला ९६ होतो. शिवाय ८ ठोकळ्यांच्या आत पाण्यात आलेल्या ड्राउन्ड किंवा गार्डियनला (समुद्री अवशेषांचं रक्षण करणाऱ्या माशाला) तो स्वतःच मारतो, आणि हे फक्त पूर्ण चौकटीलाच जमतं.

प्रिझमरीनसाठी ओशन मॉन्युमेंट (समुद्रातली मोठी इमारत) गाठा. तिथे ३ एल्डर गार्डियन असतात, त्यांच्यामुळे ५ मिनिटं हात इतके जड होतात की खोदकाम जवळपास थांबतं. दूध प्यायल्याने ते उतरतं, पण एल्डर जिवंत असेपर्यंत परत लागतं. आधी तिघांना संपवा, मग कुदळी काढा. तुमची निरीक्षणाची खोली जिथे येणार आहे तिथून चौकट ८ ठोकळ्यांच्या आत बसवा, म्हणजे काचेला चिकटणारे ड्राउन्ड परस्पर संपतील.