मदत हवी आहे: २१० मेगावॉटचा संच ८४ वर आणला की रीहीट तापमान टिकत नाही

नमस्कार मंडळी,

मी एका औष्णिक केंद्रात बॉयलर डेस्कला आहे. संच २१० मेगावॉटचा, जुना, चारही कोपऱ्यांत बर्नर असलेला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे कोळशाचे संच क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंत, म्हणजे आमचा ८४ मेगावॉटपर्यंत, उतरवता यायला हवेत. दुपारी सोलर भरात आलं की कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडून बॅकडाउनचा (वीजनिर्मिती कमी करण्याचा) निरोप येतो, आणि संध्याकाळी तोच लोड घाईने परत हवा असतो.

११५ पर्यंत काही त्रास नाही. चाचणीला ८४ वर गेलो तेव्हा रीहीट तापमान (टर्बाइनच्या पहिल्या टप्प्यातून आलेली वाफ बॉयलरमध्ये पुन्हा तापवल्यावरचं) ५४० अंशांवरून ५०५ वर आलं. बर्नर टिल्ट (बर्नरची तोंडं वर-खाली कलवणारी यंत्रणा) वर केले, पण तीन नंबरच्या कोपऱ्यातला आडवाच अडकून राहिला (ही जुनी तक्रार आहे).

खरी अडचण मिलची, म्हणजे कोळसा दळणाऱ्या चक्क्यांची. कोळसा लागतो ताशी साठेक टन. तीन मिल ठेवल्या तर प्रत्येकीला वीसच टन. पण पाइपात कोळसा बसू नये म्हणून प्रायमरी एअर (कोळशाची पूड बर्नरपर्यंत वाहून नेणारी हवा) ठरावीक मर्यादेखाली नेता येत नाही. मग मिश्रण पातळ होतं, ज्योत फडफडते, ज्योत पाहणारे स्कॅनर लुकलुकतात आणि आधाराला ऑइल गन (तेलाचा बर्नर) घ्यावी लागते. दोनच ठेवल्या तर ज्योत छान भरते, पण एक ट्रिप झाली की अर्धी आगच गेली. तुम्ही किती ठेवता? वाफेचं प्रेशर १५० वरच धरता की स्लाइडिंगला सोडता, म्हणजे लोडबरोबर उतरू देता?

प्रतिसाद

आधी तो टिल्ट सोडवा. तीन कोपरे वर आणि एक आडवा म्हणजे आगीचा गोळा एका बाजूला कलणारच. ते न करता मिलचा हिशोब मांडू नका.

आम्ही लागून असलेल्या तीन मिल ठेवतो, म्हणजे ज्योतीला ज्योतीचा आधार मिळतो. प्रेशर स्लाइडिंगला सोडा. गव्हर्निंग वॉल्व्हवर (टर्बाइनमध्ये जाणारी वाफ आवरणाऱ्या झडपेवर) वाफ कमी गळचेपली की एचपी टर्बाइनमधून, म्हणजे उच्च दाबाच्या पहिल्या टप्प्यातून, ती जास्त गरम बाहेर पडते, त्यामुळे रीहीटरला मुळातच जास्त तापमान मिळतं. बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपाची वीजही वाचते. मात्र १५० वरून ९० वर येताना ड्रममधलं (बॉयलरच्या वाफ-पाणी वेगळं करणाऱ्या टाकीतलं) तापमान चाळीसेक अंशांनी उतरतं. जाड भिंतीला ते सोसायला वेळ द्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. टिल्टचं काम पुढच्या शटडाउनला लावतोय. एक राहिलं: संध्याकाळी लोड चढवताना वॉल्व्ह उघडले की प्रेशर पडतं, ड्रम लेव्हल (ड्रममधली पाण्याची पातळी) आधी फुगते आणि मग धाडकन खाली जाते. तेव्हा वॉल्व्ह आधीच पूर्ण न उघडता थोडी जागा राखून ठेवता का?