बाबांच्या कबरीपाशी बसून सायन्स फिक्शन वाचते, विचित्र आहे का हे?

खिडकीजवळची:
विचारू की नको करत होते, आज विचारतेच. माझे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, मी अजून अधूनमधून कबरीवर जाते. पण खरं सांगू का, तिथे गेल्यावर करायचं काय हेच मला कळत नाही. प्रार्थना दोन मिनिटात होते, पालापाचोळा काढून होतो, दगडावरची धूळ पुसून होते आणि मग मी आपली उभी. लगेच निघावं तर हजेरी लावून पळाल्यासारखं वाटतं, थांबावं तर हात आपोआप मोबाईलकडे जातो आणि ते तर अजूनच वाईट दिसतं.

एकदा बॅगेत एक जाडजूड कादंबरी होती, काढली आणि बसले वाचत. एक भलंमोठं यान आहे, शेकडो वर्षांचा प्रवास, जे निघाले ते कधीच पोचणार नाहीत, त्यांच्या नातवंडांची नातवंडं पोचतील, अशी गोष्ट. तासभर कसा गेला कळलं नाही. तेव्हापासून ते पुस्तक मी तिथेच वाचते, घरी उघडतसुद्धा नाही.

आता मागे आत्या बरोबर होती, ती म्हणाली, "अगं वाचायचं तर देवाधर्माचं काहीतरी वाच, ही यानं-बिनं काय घेऊन बसलीस बापाच्या उशाशी." रागावून नाही म्हणाली, पण ते डोक्यात बसलंय. आणि बाबांना आवडायचं म्हणून वाचते असंही म्हणायची सोय नाही, त्यांच्या मते हे सगळं म्हणजे निव्वळ थापा! मला खरं टोचतं ते वेगळंच, वाचताना मी इतकी गुंगते की कुठे बसलेय तेच विसरते. असं कोणी करतं का अजून? आणि मनात वाचता की मोठ्याने?

कोरडा_विनोद:
यात विचित्र काय आहे? बाबा होते तेव्हा एकाच खोलीत ते त्यांचा पेपर वाचायचे आणि तू तुझं पुस्तक, असं झालंच असेल ना. तेव्हा कोणी म्हटलं का, बापाचा अपमान करतेस म्हणून?

मोठ्याने वाचायचं तर आधी आजूबाजूला बघ. पलीकडे कोणाचा दफनविधी चालू असेल किंवा कोणी रडत बसलं असेल तर पुस्तक मिटायचं, बास. आणि बसताना शेजारच्या ताज्या कबरीच्या मातीवर पाय देऊ नकोस, ती माती कित्येक महिने खाली बसत असते, म्हणूनच बऱ्याच ठिकाणी दगड लगेच लावत नाहीत. जुन्या उभ्या दगडांना टेकून बसणं पण नको, कधी कुठला हलेल सांगता येत नाही.

जुनी_पानं:
आत्याबाईंना म्हणावं, सायन्स फिक्शनची सुरुवातच मुळी आईच्या कबरीपाशी वाचत बसणाऱ्या एका मुलीपासून झालीय.

मेरी शेली, फ्रँकेन्स्टाईनची लेखिका. जन्म ३० ऑगस्ट १७९७ आणि १० सप्टेंबरला आई गेली, बाळंतपणातलं इन्फेक्शन. आई म्हणजे मेरी वोलस्टनक्राफ्ट, बायकांच्या हक्कांवर १७९२ मधे पुस्तक लिहिणारी. लंडनमधे सेंट पँक्रास चर्चच्या आवारात पुरलं तिला आणि दगडावर नाव कोरलं मेरी वोलस्टनक्राफ्ट गॉडविन. मुलीचंही नाव तेच, अक्षरशः तेच. असं सांगतात की वडिलांनी तिला त्या दगडावरची अक्षरं गिरवायला लावून लिहायला-वाचायला शिकवलं, म्हणजे पोरगी स्वतःचं नाव वाचायला शिकली ती आईच्या कबरीवर. पुढे सावत्र आईशी पटेना, तर पुस्तकं उचलायची आणि तिथे जाऊन बसायची. कवी पर्सी शेली, म्हणजे पुढे जो तिचा नवरा झाला, त्याच्याशी भेटीगाठी पण तिथेच, १८१४ साली, ही सोळा वर्षांची आणि तो लग्न झालेला (ते प्रकरण वेगळं, त्यात आत्ता शिरत नाही).

१८१५ च्या सुरुवातीला हिची स्वतःची मुलगी वेळेआधी जन्मली आणि थोड्याच दिवसात गेली. मार्चमधे तिने डायरीत एक स्वप्न लिहून ठेवलंय, की बाळ नुसतं गार पडलं होतं, शेकोटीपाशी चोळलं आणि ते जिवंत झालं. पुढच्याच उन्हाळ्यात जिनिव्हाजवळ फ्रँकेन्स्टाईन लिहायला घेतली, १ जानेवारी १८१८ ला छापून आली, तीही लेखिकेच्या नावाशिवाय. बरेच अभ्यासक हिलाच पहिली सायन्स फिक्शन कादंबरी मानतात. मेलेलं माणूस परत उठवता आलं तर काय, हा प्रश्न तिला काही प्रयोगशाळेत सुचलेला नव्हता.

आणि गंमत म्हणा काय म्हणा, १८५१ मधे आईवडिलांचे अवशेष बॉर्नमथला हलवले. दगड मात्र अजून सेंट पँक्रासलाच आहे.

सरळसोट:
मी जरा उलटं बोलतो. कुठे बसलोय तेच विसरायचं असेल तर मग तिथपर्यंत जायचं कशाला, बागेतलं बाकडं काय वाईट? माझी आई गेली तेव्हा मीही पुस्तक घेऊन जायचो, माझं काही जमलं नाही. त्याचं कारण पुस्तकच होतं म्हणा. त्यात एक बाई नवऱ्याचं सगळं मन, आठवणी, बोलण्याची ढब कॉम्प्युटरवर उतरवून ठेवते आणि तो मेल्यावर रोज त्याच्याशी गप्पा मारते. लेखकाने लिहिलं झकास होतं, पण मी समोर दगड बघतोय आणि पुस्तकात ती त्याला विचारतेय की आज काय वाचलंस. अर्ध्या पानावर मिटलं ते अजून उघडलेलं नाही.

तेव्हा वाचायचं तर वाच, पण निवडून. क्लोन, परत आलेली माणसं, मशीनमधे जिवंत ठेवलेले आईबाप, हे तिथे नको. तुझं ते यानाचं ठीक आहे, त्यात मेलेला माणूस मेलेलाच राहतो.

प्रकाशवर्ष:
सरळसोट, अर्धं पटलं. पण सायन्स फिक्शनमधे एक गोष्ट आहे जी मला तिथेच बसून कळली. प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने यान गेलं तर यानातलं घड्याळ पृथ्वीच्या साधारण एक दशांश वेगाने चालतं. म्हणजे बाप तीन वर्षांचा प्रवास करून परत येतो तर इकडे तीस वर्षं उलटलेली. जाताना पोरगी दहा वर्षांची असेल तर आता चाळीशीची, आणि बाप जाताना पस्तिसचा असेल तर परत येतो अडतीसचा, पोरीपेक्षा लहान. अशा प्रवासाच्या गोष्टींमधे हा प्रसंग या ना त्या रूपात भेटतोच आणि पूर्वी मी तो नुसता गणित म्हणून वाचायचो, आकडे तपासायचो, चुकला असेल तर लेखकाला शिव्या घालायचो.

माझे वडील एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. मी बेचाळीस पूर्ण झाल्यावर तिथे बसून असलाच एक प्रसंग वाचत होतो आणि डोक्यात आलं की अरे, मी याच्यापेक्षा मोठा झालो. आता मी ज्याच्याकडे बघतोय तो माझ्यापेक्षा लहान माणूस आहे, ज्याला ही पुढची वर्षं कशी असतात ते ठाऊकच नव्हतं. लहानपणी त्याच्या ज्या गोष्टींचा राग यायचा, चिडचिड, उशिरा घरी येणं, त्या एकदम एका थकलेल्या तरुण पोराच्या गोष्टी वाटायला लागल्या. हे मला कुठल्याही प्रवचनात मिळालं नव्हतं. तेव्हा गुंगण्याचं एवढं मनावर घेऊ नकोस, गुंगल्याशिवाय असलं काही डोक्यात येत नाही.

खिडकीजवळची:
बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. जुनी_पानं, हे मला अजिबात माहीत नव्हतं, आत्याला नक्की सांगणार, अर्थात ती म्हणेल की तिचं तरी कुठे धड झालं पुढे. सरळसोट, बाकड्याचा मुद्दा बरोबर आहे, पण बागेत मला तो तास मिळत नाही, पाच मिनिटात कोणीतरी ओळखीचं भेटतं. तिथे माझ्याशी कोणी बोलायला येत नाही. प्रकाशवर्ष, बाबा माझ्यापेक्षा अजून नऊ वर्षांनी मोठे आहेत, म्हणजे वेळ आहे मला. माझ्या यानात पण असंच होत असेल का, की इकडे पृथ्वीवर सगळे भराभर म्हातारे?

प्रकाशवर्ष:
नाही नाही, तुझ्या यानात तसं काही होणार नाही. पिढ्यानपिढ्या चालणारं यान म्हणजे ते हळूच जात असणार. प्रकाशाच्या दहा टक्के वेगाने गेलं तरी घड्याळात फरक पडतो अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे शंभर वर्षांत जेमतेम सहा महिने. आणि त्या वेगाने सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं (म्हणजे प्रकाशालाच तिथे पोचायला ४.२४ वर्षं लागतात), बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांत येतो, त्याला कशाला हव्यात इतक्या पिढ्या? एक तर लांब चाललेत किंवा अजून हळू चाललेत. १९७७ मधे सोडलेलं व्हॉयेजर १ हे अवकाशयान सेकंदाला १७ किलोमीटरने जातंय, तेवढ्या वेगाने प्रॉक्सिमाइतकं अंतर कापायचं तर पाऊण लाख वर्षं लागतील. पुस्तकात वेग दिलाय का कुठे? सुरुवातीच्या प्रकरणांत असतो बहुतेक.

खिडकीजवळची:
दिला असेल, मी आकडे आले की पान उलटते. पुढच्या वेळी बघून सांगते, पुस्तक तिथेच वाचायचं ठरवलंय ना.

कोरडा_विनोद:
झालं, आता हिला होमवर्क पण दिला.