घड्याळ लावून कविता: विषय द्यायचा की ओळ?

सातरस्ता
सोलापुरात वेळ लावून कविता लिहिण्याची बैठक घ्यायचं चाललंय. 25 कवी, 45 मिनिटं, जागेवर लिहायचं आणि लगेच वाचायचं. अडलंय एवढ्यावरच की समोर ठेवायचं काय. माझं म्हणणं, विषय देऊ नका, ओळ द्या. 'आई', 'पाऊस', 'बळीराजा' असा विषय पडला की निम्म्या लोकांच्या वहीत तो आधीच तयार असतो. ते लिहीत नाहीत, आठवतात. व्हॉट्सॲपच्या समूहांवर रोज हेच. सकाळी विषय पडतो, दुपारी जुन्या कवितेला नवं शीर्षक लागतं, रात्री सन्मानपत्र. ओळ दिली की वृत्त आणि यमक दोन्ही बांधलं जातं, जुना माल त्यात घुसत नाही.

नमुन्याला ही ओळ घ्या:
*धागा तुटून गेला, जोडू कसा कळेना*

वृत्त आनंदकंद: गागालगा लगागा, गागालगा लगागा ('गा' म्हणजे गुरू, दोन मात्रा; 'ल' म्हणजे लघू, एक). ओळीला 24 मात्रा. गझल लिहायची: ही ओळ स्वतःच्या एका शेरात, म्हणजे दोन ओळींच्या जोडीत, खालची ओळ म्हणून बसवायची, वर मतला (दोन्ही ओळींत यमक असलेला पहिला शेर) आणि आणखी तीन शेर. एकूण पाच. बोला.

नवीपेठ
मग पत्रिकेवर 'कवींची बैठक' छापू नका, 'गझलकारांची' छापा. मुक्तछंदात लिहिणाऱ्यानं 45 मिनिटं काय करायचं, छताचा पंखा मोजायचा? आनंदकंद ज्याच्या कानात आहे त्याला वेळ उरतो. ज्याच्या नाही, तो पहिली 20 मिनिटं बोटांवर लघुगुरू मोजतो आणि उरलेल्या वेळात भरतीचे शब्द शोधतो: 'तो', 'ही', 'आज', 'सारे'. ओळ मात्रेत बसते, पण ती कविता नसते.

आणि घड्याळाचंच घ्या. कविता बरीचशी काटछाटीत होते. 45 मिनिटांत होतो तो पहिला खर्डा. त्याला गुण देणं म्हणजे पीठ मळून झालं की भाकरीला गुण देण्यासारखं.

पूर्वभाग
घड्याळात कविता होत नाही हे आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत बोलून बघा, लोक हसतील. अवधान काय असतं? अष्टावधानात एका अवधानी कवीभोवती आठ पृच्छक, म्हणजे अट घालणारे. एक जण समस्या देतो, म्हणजे पद्याची शेवटची ओळ, आणि तीही मुद्दाम उलटसुलट अर्थाची. एक जण चार शब्द देऊन ते पद्यात गुंफायला सांगतो, ती दत्तपदी. निषिद्धाक्षरीवाला तर दर अक्षरानंतर पुढचं अक्षर कोणतं चालणार नाही ते सांगत जातो. मधेच अप्रस्तुत प्रसंगवाला भलतेच प्रश्न विचारून लक्ष उडवायला बसलेला असतो. प्रत्येक फेरीत प्रत्येकाच्या पद्याची एकेक ओळ, अशा चार फेऱ्या, आणि शेवटी सगळी पद्यं तोंडपाठ म्हणून दाखवायची. हातात कागद नाही! त्यापुढे कागद-पेन घेऊन 45 मिनिटं म्हणजे चैन आहे.

आपलेच शाहीर राम जोशी सोलापूरचे. कलगी-तुऱ्याच्या, म्हणजे शाहिरांच्या दोन पक्षांतल्या सवाल-जवाबाच्या, फडात समोरच्यानं टाकलेल्या सवालाला 'घरी जाऊन काटछाट करून येतो' असं कुणी म्हणत नव्हतं.

नवीपेठ
पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध करताय. अवधानी उभा राहतो तो वर्षानुवर्षं छंद घोटून, हजारो पद्यं पाठ करून. फडातल्या शाहिराच्या पोतडीतही ठरलेल्या चाली आणि तयार तुकडे असायचेच. ते कसब मोठंच आहे, वाद नाही. पण तुम्ही कसबाची परीक्षा घेताय आणि बक्षीस मात्र 'उत्कृष्ट कविता' म्हणून देताय.

विजापूरवेस
ओळ द्यायच्या बाजूचा मी, पण एक गैरसमज काढतो. तरही मुशायऱ्याचा, म्हणजे दिलेल्या एकाच ओळीवर सगळ्यांनी गझल वाचायच्या मैफलीचा, दाखला इथे कुणीतरी देणारच. तर तरही मिसरा, म्हणजे ती ओळ, बहुधा बरेच दिवस आधी दिला जातो आणि शायर घरून गझल बांधून आणतात. त्यामुळे ती परंपरा ओळीच्या बाजूनं आहे, 45 मिनिटांच्या बाजूनं नाही.

आता ओळीकडं बघा. धागा म्हटल्यावर पहिला काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, कोणता सुचेल? 'जुळेना'. आणि तिथंच माणूस पडतो. कळेना, वळेना, टळेना, ढळेना यांत 'ळेना'च्या आधीचा स्वर 'अ' आहे, ती अलामत. 'जुळेना'त तो 'उ' होतो, 'मिळेना'त 'इ'. मतल्यात 'कळेना–टळेना' असं बांधलंत आणि तिसऱ्या शेरात 'जुळेना' आणलंत, तर गझल तिथंच तुटली. हवंच असेल तर मतल्यातच 'कळेना–दिसेना' घेऊन काफिया सैल करा, म्हणजे पुढं 'सुचेना'ही चालतो, 'जुळेना'ही. हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवायचं असतं. चौथ्या शेरावर कळलं तर उपयोग नाही.

दुसरी चूक मात्रांची. 'तुझ्या', 'नव्याने', 'दिव्याची' यांत जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडत नाही, ते लघुच राहतं. 'सत्य'मध्ये पडतो, म्हणून 'स' गुरू. संस्कृताच्या हिशोबानं मोजणारे इथं एक मात्रा जास्त धरतात आणि चांगली ओळ फेकून देतात.

दिलेल्या ओळीला गाठ अशी मारता येईल:
*मागावरी दिव्याची वातीच आज नाही*
*धागा तुटून गेला, जोडू कसा कळेना*

वरची ओळ काढली तर खालच्या ओळीतलं 'कळेना' पोकळ होतं, कारण न कळण्याचं कारण अंधार आहे. परीक्षकानं हे बघावं. वर 'प्रेमात दुःख आले' छापाचं काहीही टाकलं तरी मात्रा जुळतात, गाठ बसत नाही.

बाळीवेसकर
मालक, सगळे गझलेतच कशाला अडकलाय? 25 जणांत अलामत कळणारे सहा-सात निघाले तरी पुष्कळ. अष्टाक्षरी ठेवा की. सुरुवातीचे दोन शब्द द्या आणि तीन कडवी मागा: कडव्याला 4 ओळी, ओळीला 8 अक्षरं, म्हणजे 96 अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं, शेवटचं पाय मोडलेलं अक्षर मोजायचं नाही.

सोपी वाटते म्हणून तिच्यातच जास्त घसरतात. हे बघा:
*पहाटेच्या भोंग्यासंगे*
*जागा झाला गिरणगाव*

पहिली आठ, दुसरी नऊ. घाईत कान 'गिर्णगाव' ऐकतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. मग दुरुस्ती सुचते 'जागी झाली सारी पेठ'. आठ भरली, पण 'पेठ'ला यमक शोधा आता. शेठशिवाय कुणी भेटत नाही. 'सारी वाडी' केलं की गाडी, माडी, साडी रांगेत उभ्या. शेवटचा शब्द आधी पक्का करायचा आणि ओळ मागं भरत न्यायची, वेळ कमी असला की हाच मार्ग.

अजून एक. नुसती आठ भरून भागत नाही, चालीत चार-चारवर तुटायला हवं. 'भाकरी कडक झाली' मोजून आठ आहे, पण म्हणताना 'भाकरीक डकझाली' होतं. 'कडकशी ही भाकरी' म्हणा, लगेच चालते.

वेळेची वाटणी: 5 मिनिटं यमकांची यादी, 25 मिनिटं लेखन, 10 मिनिटं ओठांत पुटपुटत मोजणी, 5 मिनिटं स्वच्छ प्रत. घंटा शेवटची 10 मिनिटं उरल्यावर एकदाच. दर पाच मिनिटांनी घंटा वाजवणारा संयोजक कवितेचा शत्रू असतो.

सातरस्ता
अष्टाक्षरी मान्य, पण सुरुवातीचे दोन शब्द ढिले पडतात. 'पहाटेच्या'नं सुरू होणारी कविता कुणाच्याही वहीत असेल. शब्द द्यायचेच तर दत्तपदीसारखे एकमेकांशी संबंध नसलेले चार द्या: चिमणी, पावती, मीठ, रविवार. चारही आलेच पाहिजेत.

नवीपेठ
हे चालेल! चार शब्द मुक्तछंदालाही चालतात. मग छंदाची सक्ती काढा, ज्याला हवा तो त्यानं घ्यावा. पण गुण वाचनाआधी कागदावरून द्या. कागदावर नाव नको, क्रमांक हवा. एकदा माइक हातात आला की गळा असलेला कवी साधी ओळ तरन्नुममध्ये, म्हणजे गाऊन, पेलून नेतो आणि तीन परीक्षकांपैकी दोघं माना डोलवतात.

विजापूरवेस
कागदावरून गुण द्यायचे तर मग एकत्र जमायचं कशाला ओ? घरून पाठवा.

बाळीवेसकर
घरून पाठवलं तर ते फोननं लिहिलंय की माणसानं, कोण बघणार? जमायचं ते एवढ्यासाठी. फोन दाराशी जमा, कोरे कागद संयोजकांचे, खाडाखोडीचा कच्चा कागदही शेवटी जोडून द्यायचा. 25 जणांना दोन-दोन मिनिटं म्हटली तरी वाचनाला 50 मिनिटं, म्हणजे लिहिण्यापेक्षा जास्त. तेवढ्या वेळात परीक्षकांचं कागद तपासून होतं. 'ही कविता मला कशी सुचली' हे सांगायला बंदी.

विजापूरवेस
कच्चा कागद जोडायचा हे पटलं. पण चार शब्दांत 'रविवार' नको. अष्टाक्षरीत लिहिणाऱ्याचं अर्धं चरण तिथंच जातं, मुक्तछंदवाल्याचं काहीच जात नाही. 'वार' करा.

नवीपेठ
'वार' केलात तर 25 पैकी 20 जण पाठीतच करतील.